तिसऱ्या महिन्याचा फोटो कुठे आहे?

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याच्या पार्किंगमध्ये मी हेल्मेट काढलं, तेव्हा आतल्या काळ्या स्पंजवर केस चिकटलेले दिसले. पाच-सहा नाही, मोजता येणार नाहीत इतके. शस्त्रक्रियेला चोवीस दिवस झाले होते. मी हेल्मेट परत डोक्यावर चढवलं आणि तसाच गेटमधून आत गेलो. सिक्युरिटीवाल्या काकांनी विचारलं, "काऊन बे, आत पाऊस पडून राहिला काय?"

पुढच्या दहा दिवसांत डोक्याच्या पुढच्या भागात पेरलेले जवळपास सगळे केस गेले. उशीवर, टॉवेलवर, आंघोळीच्या पाण्यात. शस्त्रक्रियेआधी विरळ का होईना पण काही केस होते. आता त्यातलेही काही गेले. म्हणजे पैसे भरून मी आधीपेक्षा जास्त टकला झालो होतो. त्याच आठवड्यात पहिला हप्ता कापला गेल्याचा मेसेज आला: ५,५०० रुपये. २,२०० ग्राफ्ट, ३० रुपयाला एक, एकूण ६६ हजार, बारा हप्ते. केस गेले होते आणि अकरा हप्ते राहिले होते.

हे लिहितोय तेव्हा शस्त्रक्रियेला आठ महिने होऊन गेलेत. केस आलेत. त्यामुळे ही फसवणूक झालेल्या माणसाची रड नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि मला वाटतं ती जास्त गंभीर आहे. केस गळणार हे ठरलेलं होतं. ते कधी गळणार, किती गळणार, परत कधी येणार, हेही माझ्या डोक्याला हात लावण्याआधी साधारणपणे माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. फक्त ज्याचं डोकं होतं, त्यालाच नव्हतं.

दोन फोटोंच्या मधली जागा

तुमच्या फोनवर हे फोटो रोज येतात. डावीकडे टक्कल, ट्यूबलाइटचा उजेड, पडलेला चेहरा. उजवीकडे भरगच्च केस, इस्त्रीचा शर्ट, हसू. खाली लिहिलेलं असतं 'बिफोर' आणि 'आफ्टर'. या दोन फोटोंच्या मध्ये एक पांढरी रेघ असते, दोन मिलिमीटरची. त्या रेघेत वर्ष असतं. निकाल पूर्ण दिसायला साधारण बारा महिने लागतात, टाळूच्या मागच्या भागाला कधीकधी दीड वर्ष. आणि त्या वर्षातले पहिले तीन-चार महिने असे असतात की त्यांचा फोटो कुणी लावत नाही.

काय होतं ते मी सांगतो, कारण मला ते कुणी सांगितलं नाही. रात्री दोन वाजता फोनवर वाचून आणि नंतर एका त्वचारोगतज्ज्ञाला विचारून जे कळलं ते असं.

आपल्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. प्रत्येक केस आपापल्या घड्याळावर चालतो. दोन ते सहा वर्षं तो वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आवळतं, मग सुमारे तीन महिने तो विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच जागी नवा येतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे सगळ्यांचंच चालू असतं. घड्याळं वेगवेगळी लावलेली असल्यामुळे ते जाणवत नाही.

पण शरीराला मोठा धक्का बसला की अनेक केसांची घड्याळं एकदम विश्रांतीवर जातात. दोन-तीन महिन्यांनी ते एकदम गळतात. १९६१ मध्ये अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने याला 'टेलोजेन एफ्लुव्हियम' हे नाव दिलं. नाव अनोळखी वाटेल, पण गोष्ट तुमच्या घरात होऊन गेलीय. २०२१ मध्ये कोविडमधून उठलेल्या किती जणांचे केस दोन-तीन महिन्यांनी मुठीने गेले ते आठवा. टायफॉइडनंतर जातात, डेंग्यूनंतर जातात, बाळंतपणानंतर जातात. आणि बहुतेकांचे परत येतात.

रोपणात तर केसाच्या मुळाला थेट उपटूनच दुसरीकडे लावलेलं असतं. मानेच्या वरचा मागचा भाग, ज्याला डोनर एरिया म्हणतात, तिथून एकेक मूळ काढतात. त्यात एक ते चार केस असतात. त्याचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी पहिले काही दिवस ते आजूबाजूच्या द्रवावर जगतं, मग बारीक रक्तवाहिन्या जोडल्या जातात. या धक्क्यात मूळ जगतं पण वरचा केस टाकून देतं. रोपण केलेले केस साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात गळतात ते यामुळे. मग मूळ आपली तीन महिन्यांची विश्रांती घेतं. म्हणून नवा केस तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या आसपास दिसू लागतो. आधी बारीक, मऊ, कधी वाकडातिकडा. त्वचा फोडून वर येताना काही ठिकाणी पुटकुळ्याही येतात. सहाव्या महिन्यात डोकं बरं दिसतं, नवव्यात चांगलं.

गळालेल्या केसाच्या टोकाला एक पांढरट ठिपका असतो. मी तो बघितला आणि वाटलं, मूळच आलं बाहेर, संपलं. तो ठिपका म्हणजे मूळ नाही. विश्रांतीला गेलेल्या प्रत्येक केसाचं टोक तसंच असतं. मूळ आत, त्वचेखाली असतं. साधारण दहा दिवसांनंतर ते तिथे पक्कं बसलेलं असतं. ग्राफ्ट खरोखर निघून आलं असेल तर ते पहिल्या काही दिवसांत येतं आणि बरोबर रक्त येतं. ही चार वाक्यं मला नोव्हेंबरमध्ये कुणी ऐकवली असती, तर डिसेंबरच्या कितीतरी रात्री मी झोपलो असतो.

"फॉर्मवर सही केली होती ना?"

क्लिनिकला फोन केला तेव्हा मिळालेलं हे पहिलं वाक्य. आणि ते खरं होतं. नंतर मी तो फॉर्म शोधून वाचला. चौथ्या पानावर, इंग्रजीत, बारीक टायपात, एक ओळ होती: तात्पुरती गळती होऊ शकते. 'होऊ शकते'. जी गोष्ट बहुतेक सगळ्यांना होते, तिला 'होऊ शकते' म्हटलेलं. त्यात किती, कधी, किती काळ, काही नाही.

आणि सही केव्हा घेतली? डोकं भादरून झाल्यावर. १७ नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतदानाच्या आधीचा रविवार. बाहेर प्रचाराचे भोंगे चालू होते, आत मी निळा गाऊन घालून, मशीन फिरवलेलं डोकं घेऊन बसलो होतो आणि एका मुलीने चार पानं समोर धरली. त्या अवस्थेत कोण वाचतो? आणि वाचून 'थांबा, मला विचार करू द्या' असं म्हणून अर्ध्या मशीन फिरवलेल्या डोक्याने मेट्रोत कोण बसतो?

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधल्या एका निकालात रुग्णाच्या संमतीबद्दल स्पष्ट सांगून ठेवलंय. संमती खरी हवी असेल तर उपचाराचं स्वरूप, त्याचे फायदे, त्याचे परिणाम, दुसरे पर्याय आणि महत्त्वाचे धोके यांची पुरेशी माहिती रुग्णाला आधी द्यायला हवी. 'आधी' आणि 'पुरेशी' या दोन शब्दांत सगळं आलं. मला मिळालेली माहिती आधी नव्हती आणि पुरेशीही नव्हती. माझी सही मात्र होती.

जाहिरातींचंही तसंच. डॉक्टरांच्या आचारसंहितेची २००२ची नियमावली आहे. तिच्यानुसार डॉक्टर चालवतो त्या संस्थेच्या जाहिरातीत संस्थेचं नाव, कोणते रुग्ण घेतात, काय सोयी आहेत आणि फी किती, यापलीकडे काही असू नये. डाव्या-उजव्या फोटोंना त्यात जागा कुठे आहे ते मला दिसत नाही. औषधांच्या बाबतीत तर नियम आणखी जुना आहे. १९४५च्या औषध नियमांना जोडलेल्या 'परिशिष्ट जे' मध्ये ज्या आजारांवर इलाज असल्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये त्यांची यादी आहे. त्या यादीत टक्कल आहे. आता फोन उघडा आणि दहा मिनिटं स्क्रोल करा.

एकाच अज्ञानाची दोनदा विक्री

फॉर्मबद्दलचं वाक्य झाल्यावर फोनवरचा माणूस मऊ झाला. त्याला क्लिनिकमध्ये काउन्सेलर म्हणतात. तो म्हणाला, "सर, घाबरू नका, हे नॉर्मल आहे. पण रिझल्ट सेफ करायचा असेल तर पीआरपीचे चार सेशन घेऊन टाका. पॅकेज आहे, चोवीस हजार."

या वाक्याकडे नीट बघा. पहिल्या अर्ध्या भागात तो म्हणतो की हे आपोआप बरं होणार आहे. दुसऱ्या अर्ध्या भागात तो त्याचे चोवीस हजार मागतो.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेट्सचा भाग डोक्यात टोचायचा. काही जणांना काही उपयोग होत असेल, त्यावर अभ्यास चालू आहेत आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. माझा मुद्दा पीआरपीचा नाही, वेळेचा आहे. दुसऱ्या महिन्यात माणूस सर्वात घाबरलेला असतो आणि चौथ्या महिन्यात केस तसेही येणार असतात. मधल्या काळात तुम्ही त्याला काहीही विका. इंजेक्शन विका, कांद्याचं तेल विका, बायोटिनच्या गोळ्या विका, नारळ उतरवून टाकायला सांगा. चौथ्या महिन्यात केस येतील आणि श्रेय तुमच्या मालाला जाईल. गिऱ्हाईक तुमचं नाव काढील, मित्राला घेऊन येईल. जे निसर्ग फुकट करणार होता, त्याचं बिल फाडता येतं. पण त्याला एक अट आहे: निसर्ग ते करणार आहे हे गिऱ्हाइकाला आधी कळता कामा नये.

म्हणून मी याला विसरभोळेपणा म्हणत नाही. आधी न सांगितल्यामुळे शस्त्रक्रिया विकली जाते, कारण 'दोन महिन्यांनी तू आत्तापेक्षा वाईट दिसशील' हे ऐकून अर्धी पोरं घरी जातील. आणि नंतर न सांगितल्यामुळे पॅकेज विकलं जातं. एकाच अज्ञानाचे दोनदा पैसे होतात.

माझ्याकडे चोवीस हजार नव्हते म्हणून मी वाचलो. शहाणा होतो म्हणून नाही.

बायकांना हे माहीत होतं

डिसेंबरभर मी घरातही टोपी घालून होतो. सर्दीचं निमित्त होतं. एका रात्री पाणी प्यायला उठलो तर आई स्वयंपाकघरात. टोपी खोलीतच राहिली होती. तिने बघितलं, मला वाटलं आता रडते की काय. ती म्हणाली, "बाबू, तू झाला तवा माहे केस मुठी मुठीनं गेले होते. भांगात चामडी दिसे. सा महिन्यानं आले."

"तुला भीती नाही वाटली?"

"काऊन वाटन? तुह्या आजीनं आधीच सांगतलं होतं, तिसऱ्या महिन्यात जातीन म्हनून. तुले त्यायनं नाही सांगतलं? इतका पैसा घेतला न!"

तिथे मला पहिल्यांदा राग आला. इतके दिवस नुसती भीती होती. आजी चौथी शिकलेली होती. तिने सुनेला महिना सांगून ठेवला होता. म्हणजे हे ज्ञान काही अमेरिकेतून आलेलं नाही, ते आमच्या वानाडोंगरीच्या घरातच होतं. बायकांकडे ते आहे, कारण बायका एकमेकींशी शरीराबद्दल बोलतात. आम्ही पोरं बोलत नाही. आम्ही एकमेकांना 'टकल्या' म्हणतो, एकमेकांच्या डोक्यावर टपली मारतो, चंद्र उगवला म्हणतो. आणि मग रात्री एकटे फोनवर 'हेअर ट्रान्सप्लांट कॉस्ट' शोधतो. ज्या बाजाराला गिऱ्हाईक एकटं हवं असतं, त्याला आम्ही ते घरपोच एकटं करून देतो.

काटोलकडे मामाची संत्र्याची बाग आहे. डिसेंबर-जानेवारीत आंबिया बहारासाठी बाग ताणावर सोडतात, म्हणजे पाणी तोडतात. पानं पिवळी पडतात, झडतात. बाहेरच्या माणसाला वाटेल बाग मेली. मामाला कुणी असं म्हटलं तर तो हसेल, कारण त्या भागात पोरासोरांना ठाऊक असतं की पाणी दिलं की फूल येणार. पानं झडली म्हणून कुणी झाड उपटत नाही. पण तेच झडणं कुणाला आधी सांगितलंच नसतं, तर पहिल्या ताणाला बागाच तोडल्या गेल्या असत्या.

नाव सारखं, हिंगणा दुसरं

जानेवारी २०२५. माझा दुसरा महिना. टीव्हीवर एकदम केसांच्याच बातम्या. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत जाऊ लागले होते. बोंडगाव, कालवड आणि हिंगणा. हो, त्या तालुक्यातही एक हिंगणा आहे. आमच्या कारखान्यात लगेच जोक तयार: "काय बे, तुमच्या हिंगण्याचं पानी पेलं काय?" मी हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत हसलो.

गावांची संख्या वाढत अठरावर गेली, माणसं पावणेतीनशेच्या घरात. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर. आयसीएमआरचं पथक आलं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावर आयुष्यभर काम केलं, त्यांनी तिथे जाऊन नमुने घेतले आणि रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त असल्याचं सांगितलं. तो गहू खाणं थांबल्यावर काही आठवड्यांत अनेकांचे केस परत येऊ लागल्याचंही त्यांनी नोंदवलं.

पण मला त्या बातम्यांतलं दुसरंच काही आठवतं. कॅमेरा माणसांच्या डोक्यावर रोखलेला. एक हात केस धरून ओढून दाखवतोय, ते सहज निघतायत, आणि मालक खाली बघतोय. त्या गावांतल्या पोरांना लोक टाळायला लागले, मुलींची ठरलेली लग्नं अडली. केस परत आले तेव्हा तितके कॅमेरे नव्हते. गळतानाचा फोटो सगळ्यांना हवा होता, उगवतानाचा कुणाला नको होता. क्लिनिक याच्या बरोबर उलटं करतं: उगवलेला दाखवतं, गळतानाचा लपवतं. दोन्हीकडे अर्धीच गोष्ट सांगितली जाते आणि दोन्हीकडे लाज मात्र ज्याचं डोकं आहे त्याच्याच वाट्याला येते.

"टक्कल स्वीकार ना मग!"

इथपर्यंत वाचून काही जणांच्या ओठांवर हे वाक्य आलंच असेल. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये टकलावर एका आठवड्याच्या अंतराने दोन हिंदी सिनेमे आले होते, 'उजडा चमन' आणि 'बाला'. तेव्हापासून हा उपदेश फार सोपा झालाय. स्वतःवर प्रेम करा. आत्मविश्वास हेच खरं सौंदर्य.

मला हा उपदेश पटतो, पण तो देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे केस शाबूत असतात. लग्नाच्या बायोडेटासोबत फोटो मागणारे तेच, 'मुलगा चांगला आहे पण वय जास्त वाटतं' असा निरोप पाठवणारे तेच, आणि स्वतःला स्वीकार म्हणणारेही तेच. मला असे दोन निरोप आले होते. मी सत्तावीस वर्षांचा होतो. तुम्ही मला दुबळा म्हणा, पण दुबळ्या माणसालाही खरी माहिती मिळण्याचा हक्क असतो. दारू पिणाऱ्यालाही बाटलीत काय आहे ते कळलं पाहिजे.

शिवाय हा उपदेश आणि ती जाहिरात यांच्यात एक साम्य आहे. दोघांनाही मधला काळ नको असतो. जाहिरात म्हणते, आज टकला, उद्या केसाळ. उपदेश म्हणतो, आज दुःखी, उद्या मुक्त. खरा माणूस महिनोन्महिने मध्येच असतो, टोपी घालून, हप्ते भरत.

धोका नाही असं नाही

गळती नॉर्मल आहे असं सांगताना मी सगळंच नॉर्मल आहे असं म्हणत नाही. पू येणं, दुखणं कमी होण्याऐवजी वाढणं, ताप, त्वचा काळी पडत जाणं हे नॉर्मल नाही. त्या दिवशी काउन्सेलरला फोन करत बसू नका, डॉक्टरकडे जा. आणखी एक कडू गोष्ट: शस्त्रक्रियेच्या धक्क्याने आजूबाजूचे जे मूळचे केस जातात, त्यातले सशक्त परत येतात, पण आधीच बारीक होत चाललेले काही परत येत नाहीतही. आणि रोपण टक्कल थांबवत नाही. न रोवलेले केस आपल्या गतीने जातच राहतात. बाविसाव्या वर्षी पुढची रेघ भरून घेतली आणि मागचं जात राहिलं, तर तिशीत पुढे केसांचं बेट आणि मागे मैदान. म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. थायरॉइड, लोहाची कमतरता, नुकताच येऊन गेलेला ताप यातलं काही असेल तर सुरी लावायचीच गरज नाही. नागपुरात सरकारी मेडिकलच्या ओपीडीत हे थोडक्या पैशांत कळतं.

आणि सुरी कोण लावणार हे विचारा. मार्च २०१९ मध्ये मुंबईतला एक व्यावसायिक केशरोपणानंतर दोन दिवसांच्या आत गेला. बातम्यांनुसार त्याच्यावर एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त ग्राफ्ट लावले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या. यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असं त्यात लिहावं लागलं. देशाच्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेला हे लिहावं लागतं, यावरून काय चाललं असेल ते समजा. तरी २०२५च्या मे महिन्यात कानपूरची बातमी आलीच: दोन इंजिनिअरांचा रोपणानंतर मृत्यू, आणि आरोप एका दातांच्या डॉक्टरवर.

मी ती बातमी वाचली तेव्हा आठवायचा प्रयत्न केला की माझ्या डोक्यात छिद्रं कुणी पाडली. डॉक्टर सुरुवातीला येऊन पेनाने रेघ आखून गेले होते. नंतर आठ तास मी पालथा, मग उताणा होतो आणि मास्क घातलेली तीन मुलं काम करत होती. त्यांची नावं मला माहीत नाहीत. विचारायचं सुचलं नाही.

मागणी साधी आहे

एक पान. मराठीत. मोठ्या अक्षरात. पैसे घेण्याच्या किमान एक आठवडा आधी, घरी न्यायला. त्यावर महिनावार लिहिलेलं: कोणत्या आठवड्यात गळेल, कधीपर्यंत उघडं दिसेल, कधी उगवेल, कधी पूर्ण होईल, किती जणांचं किती परत येत नाही. डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक. छिद्रं कोण पाडणार, ग्राफ्ट कोण लावणार. गळतीच्या काळात फोन उचलणाऱ्या डॉक्टरचा नंबर, काउन्सेलरचा नाही. आणि जिथे 'बिफोर-आफ्टर' लावाल, तिथे त्याच माणसाचा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याचा फोटोही लावा.

क्लिनिकवाले म्हणतील, असं केलं तर गिऱ्हाईक पळेल. पळू द्या. जो खरं ऐकून पळतो, त्याला खोट्यावर झोपवून भूल देणं याला उपचार म्हणत नाहीत. आणि जो खरं ऐकूनही थांबतो, तो डिसेंबरच्या रात्री दोन वाजता तुम्हाला शिव्या घालणार नाही.

दुसरी मागणी आपल्याकडे आहे. ज्यांनी करून घेतलंय त्यांनी तिसऱ्या महिन्याचा फोटो लपवू नका. आपण सगळे एक वर्ष गायब होतो आणि एकदम 'आफ्टर' बनून परत येतो. 'योगा करतो, तेल बदललं' असं सांगतो. म्हणजे जाहिरातीतली ती पांढरी रेघ आपणही ओढतो. मीही ओढली. कारखान्यात मी सहा महिने कुणाला काही बोललो नाही.

जूनमध्ये लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनखालच्या टपरीवर आमच्या डाय शॉपमधला एक पोरगा चहा पिताना माझ्या डोक्याकडे बघत होता. वय असेल तेवीस. बराच वेळ घोळवून शेवटी म्हणाला, "दादा, राग नोको मानू. तुह्ये आधी कमी होते ना? माह्ये बी जाऊन राहिले. कुठं केलं?"

मी त्याला क्लिनिकचं नाव सांगितलं नाही. फोन काढला आणि जानेवारीतला फोटो दाखवला. बाथरूमच्या आरशात काढलेला, लाल ठिपके, मधूनमधून दोन-चार केस. तो फोटो मी तोपर्यंत कुणालाच दाखवला नव्हता.

त्याने बघितला. चहा खाली ठेवला. "हे... करून घेतल्यावरचं हाय?"

"करून घेतल्यावरचं. दुसरा महिना."

"मले तर त्यायनं असं काई सांगतलंच नाही," तो म्हणाला. तेव्हा कळलं की तो आधीच कुठेतरी जाऊन आलाय आणि पाच हजार ॲडव्हान्स देऊन बसलाय.